चुकण्यापेक्षा इंडोनेशियन बरी

जावानीज भाषेत ‘मी जेवलो’ एवढं साधं वाक्यही चुकायच्या दोन-तीन वाटा आहेत. मित्राला सांगायचं तर ‘आकु विस माङान’. त्याच मित्राच्या वडिलांना सांगायचं तर ‘कुलॉ साम्पुन नडॉ’. अर्थ तोच, पण दोन्ही वाक्यांत सामाईक असा एकही शब्द नाही. आणि त्या वडिलांना ‘तुम्ही जेवलात का’ असं विचारायचं झालं तर जेवण्याचं क्रियापद तिसरंच निघतं, ‘डाहार’. घोळ इथूनच सुरू होतो. मोठ्यांशी बोलताना ‘डाहार’ म्हणतात हे मुलाच्या कानावर पडलेलं असतं. आजोबांनी विचारलं की ते अदबीनं सांगतं, ‘कुलॉ साम्पुन डाहार’. आदर दाखवायला गेलं आणि मान स्वतःलाच देऊन बसलं. आजोबा हसतात, कुणीतरी दुरुस्त करतं, आणि पुढच्या खेपेला ते मूल देशाच्या राष्ट्रभाषेत, इंडोनेशियनमध्ये, ‘सुदाह माकान’ म्हणून मोकळं होतं.

मोठी भाषा लहान भाषेला गिळते, ती लहान भाषेविषयी लोकांना कमीपणा वाटतो म्हणून, असं आपण सहज म्हणतो. इंडोनेशियातल्या जावा बेटाच्या मध्यभागात, म्हणजे सोलो आणि योग्याकार्ताच्या पट्ट्यात, हे गणित लागू पडत नाही. जावानीज काही लहान भाषा नाही, ती सात-आठ कोटी लोकांची आहे. तिच्या वरच्या बोलीविषयी तर तिथे अपार आदर आहे. माझ्या मते तोच आदर तिच्या मुळावर आला आहे. लोक ती बोलायचं टाळतात ते तिला हलकी समजून नव्हे, चुकू या धास्तीनं.

रचना थोडी समजून घ्यावी लागेल. खालची, रोजची, मित्रांची आणि भांडणाची बोली म्हणजे ङोको. (शब्दाच्या सुरुवातीला ङ आपल्याकडे येत नाही, तिथे तो सर्रास येतो.) वरची, औपचारिक ती क्रोमो. दोन्हींच्या मध्ये मद्यॉ. यांशिवाय दोन छोटे शब्दसंच आहेत. आदरणीय माणूस जे करतो, त्याच्याकडे जे असतं, त्यासाठी क्रोमो इङ्गिल, आणि आपण त्याच्यासाठी नम्रपणे जे करतो त्यासाठी क्रोमो आन्डाप. मराठीत तू, तुम्ही, आपण असं वर चढत गेलं तरी धातू तोच राहतो, फक्त प्रत्यय बदलतो. जावानीजमध्ये शब्दच बदलतो. झोपणे हे मित्राचं असेल तर ‘तुरु’, औपचारिक बोलण्यात ‘तिलम’, वडिलांचं असेल तर ‘सारे’. घर ‘ओमाह’, मग ‘ग्रियॉ’, मग ‘दालम’. प्रत्ययही सुटत नाहीत. ‘त्याचं घर’ ङोकोत ‘ओमाहे’ आणि क्रोमोत ‘ग्रियानिपुन’.

सगळ्यात जास्त चुका होतात त्या देणे आणि विचारणे यांत, कारण ही क्रियापदं दोन माणसांना एकाच वेळी तोलतात. वडिलांनी मला पुस्तक दिलं तर ‘मारिङि’, मी वडिलांना दिलं तर ‘न्याओसि’. उलट वापरलं की वडील खाली गेले आणि मी वर बसलो. गुरुजी मला विचारतात ते ‘न्दाङु’, मी गुरुजींना विचारतो ते ‘न्युवुन पिर्सॉ’. भाषाशास्त्रज्ञांच्या मोजणीनुसार क्रोमोचे खास शब्द सुमारे साडेआठशे आणि क्रोमो इङ्गिलचे अडीचशेच्या आसपास. पाठांतर म्हणून पाहिलं तर हे एका शालेय वर्षाचंही काम नाही. अडतं ते शब्दांपाशी नाही. समोरचा कोण, ज्याच्याविषयी बोलतोय तो कोण आणि मी कोण, हे वाक्य तोंडातून निघायच्या आत ठरवावं लागतं, तिथे अडतं.

हे ठरवता येणारच नाही अशी माणसं शहरात रोज भेटतात. बँकेतला साहेब तीस वर्षांचा, शिपाई पंचावन्नचा. वयानं पाहिलं तर साहेबानं क्रोमो बोलावं, हुद्द्यानं पाहिलं तर शिपायानं. दोघांनीही बोलावं हे खरं तर सर्वांत सभ्य, पण साहेबाला क्रोमो धड येत नाही आणि शिपायाला ते जाणवतं. मग दोघंही इंडोनेशियनवर येतात, आणि कुणाचाच पाणउतारा होत नाही. दवाखाना, सासर, नव्या गल्लीतला शेजारी, कॉलेजचं कार्यालय, सगळीकडे हेच. यात एक सुंदर तडजोडही रुळली आहे. बोलण्याच्या दोन्ही कडांना क्रोमो, मध्ये इंडोनेशियन. तोंड उघडताना ‘नुवुन सेवु, पाक’ अशी माफी मागायची, मधला अर्ज, रकमेचा आकडा, तक्रार सगळं इंडोनेशियनमध्ये सांगायचं, ऐकताना अधूनमधून ‘इङ्गिह, इङ्गिह’ करायचं आणि उठताना ‘मातुर नुवुन’. ज्याला क्रोमोचे दहा शब्द येतात तोही असा अदबशीर ठरतो. भाषा बदलणं म्हणजे भाषा न येणं, असं समजणाऱ्यांनी ही कसरत एकदा नीट ऐकावी.

घरातली गोष्ट जास्त गुंतागुंतीची आहे. आईवडील मुलाशी ङोको बोलले तर मूल त्यांच्याशी ङोकोच बोलणार, आणि ते उद्धट. मुलानं क्रोमो बोलावं असं वाटत असेल तर आईवडिलांनी आधी मुलाशी क्रोमो बोलावं लागतं, म्हणजे मुलाच्या जागी उभं राहून त्यानं वापरायचे शब्द आपल्या तोंडून त्याला ऐकवायचे. या पद्धतीला ‘म्बासाकाके’ म्हणतात. नवऱ्याचा उल्लेख बायको ‘बापाक’, म्हणजे बाबा, असा करते आणि तो झोपलाय हे सांगताना ‘सारे’ म्हणते, मुलाच्या कानांसाठी. पण हीच पद्धत चुकीची बीजंही पेरते. लाडानं आणि वळण लागावं म्हणून आई मुलालाच ‘चल, डाहार कर, सारे कर’ म्हणते, आणि मूल ते शब्द स्वतःसाठी उचलतं. सुरुवातीला सांगितलेली ती ‘मी डाहार केलं’वाली चूक इथून येते. मुलाचा त्यात काय दोष? दुहेरी मेहनत, वर हसं. तेव्हा शहरातल्या तरुण आईवडिलांनी मुलाशी पहिल्या दिवसापासून इंडोनेशियन बोलायचं ठरवलं तर त्यांना भाषाद्रोही म्हणण्यात अर्थ नाही. आजीला नातवाचं इंडोनेशियन परकं वाटतं, पण उद्धट वाटत नाही. ङोको उद्धट वाटली असती.

या उतरंडीविरुद्ध बंड आधीही झालं आहे. सतराव्या शतकात माताराम राज्याच्या काळात ती पक्की झाली, शेजारच्या सुंदानीज भाषेनंही तिथूनच आपल्या पायऱ्या उचलल्या, आणि पुढे डचांनी ज्या सरदार-कारकून वर्गाच्या खांद्यावरून राज्य केलं त्या वर्गानं ती जपली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ब्लोराच्या सागवानी जंगलांच्या मुलखात सामिन नावाच्या शेतकऱ्याचे अनुयायी कर भरायला नकार देत, आणि अधिकारी कितीही मोठा असो, त्याच्याशी ङोकोतच बोलत. अधिकाऱ्यांना कर बुडाल्याचं जास्त लागलं की ङोकोचं, सांगणं कठीण. १९१७ च्या सुमारास सुराबाया शहरात सारेकात इस्लाम या मुस्लिमांच्या राजकीय संघटनेच्या वर्तुळातून ‘जावा दिपा’ ही चळवळ निघाली. तिचं म्हणणं सरळ होतं : सगळ्यांनी सगळ्यांशी ङोको बोलावं आणि प्रत्येक पुरुषाला ‘विरॉ’ म्हणावं, म्हणजे वीर. चळवळ फार टिकली नाही. गंमत म्हणजे या अडचणीवर खुद्द राजवाड्यातही तोडगा निघाला होता. योग्याकार्ताच्या वाड्यात ‘बागोंगान’ नावाची बोली चालते. तिच्यात ‘मी’, ‘तू’, ‘हो’, ‘नाही’, ‘काय’ असे ठरावीक शब्द, डझनभरही नाहीत, पण वाड्यात असताना राजपुत्रापासून लहान नोकरापर्यंत सगळ्यांना तेच. राजाशी मात्र क्रोमोच.

या पार्श्वभूमीवर २८ ऑक्टोबर १९२८ ची ‘तरुणांची शपथ’ पाहावी, डच राजवटीत वेगवेगळ्या बेटांवरच्या तरुणांनी एकत्र येऊन घेतलेली. एक देश, एक राष्ट्र, आणि एकतेची भाषा इंडोनेशियन, म्हणजे मलय. त्या वेळी मलय ही मातृभाषा असलेले लोक थोडेच होते, आणि जावानीज बोलणारे सगळ्यांत जास्त. तरी त्यांनी आपली भाषा पुढे रेटली नाही. मलय बंदराबंदरांतून व्यापाराची भाषा होती, डच कचेरीतही चालत होती, हे खरंच. पण ज्या भाषेत ‘आपण’ म्हणायच्या आधी कोण कुणाच्या वर आहे हे ठरवावं लागतं, तिच्यात बरोबरीच्या नागरिकांचं राष्ट्र कसं बोलणार, ही अडचणही शपथ घेणाऱ्या जावानीज पोरांना घरातूनच ठाऊक होती. इंडोनेशियन भाषेचं पहिलं अधिवेशन १९३८ मध्ये भरलं ते सोलोत, क्रोमोच्या राजधानीत.

पण ज्यांनी उतरंड टाळण्यासाठी इंडोनेशियन घेतली, त्यांनी उतरंडही सोबत आणली. इंडोनेशियनमध्ये ‘तुम्ही’साठी बिनधोक शब्द नाही हे लक्षात आल्यावर १९५७ मध्ये पत्रकार रोसिहान आन्वार यांनी ‘आन्दा’ हे सर्वनाम पुढे आणलं. वय नाही, हुद्दा नाही, सगळ्यांना एकच. आज ‘आन्दा’ जाहिरातीत, अर्जात आणि मुलाखतीत भेटतो. प्राध्यापकाला तोंडावर ‘आन्दा’ म्हणून पाहावं, चेहरा बदलतो. तिथे ‘बापाक’ किंवा ‘इबु’च, म्हणजे वडील किंवा आईच, लागतं. रस्त्यावर तर माणूस कुठला आहे याचा अंदाज घेऊन आपल्या ‘दादा’सारखी हाक मारतात. जावानीज दिसला तर ‘मास’, सुंदानीज तर ‘आआ’, मिनांगकाबाउ तर ‘उदा’, बालीचा ‘ब्लि’, मकासारचा ‘दाएंग’, चिनी वंशाचा असेल तर ‘कोह’. वाक्य इंडोनेशियन, हाक मात्र सहा मुलखांची.

आणि जकार्ताची आपली वेगळीच शिडी. तिथली पोरं एकमेकांना ‘गुए’ आणि ‘लो’ म्हणतात, हे शब्द होक्किएन चिनीतून आलेले. जावातून गेलेला विद्यार्थी सवयीनं ‘आकु’ आणि ‘कामु’ म्हणतो. सोलोत ते साधं, पण जकार्तात ही जोडी प्रेमिकांची, तेव्हा वर्गमित्र चमकून बघतो. सहा महिन्यांनी तोच गावी येऊन ‘गुए’ म्हणाला तर गावातले मित्र त्याला दिवसभर सोडत नाहीत. त्यातून त्याचा उच्चार ‘मेडोक’ असेल, म्हणजे ठसठशीत जावानीज, तर संपलंच. हा ठसा कुठे उमटतो ते सांगता येतं : ब, द, ग, ज यांनी सुरू होणाऱ्या गावांच्या नावाआधी नकळत एक अनुनासिक येतं. बांदुंग ‘म्बांदुंग’ होतं, देमाक ‘न्देमाक’ होतं. टीव्ही मालिकांतल्या मोलकरणीला हा उच्चार द्यायची पद्धत इतकी जुनी आहे की पुष्कळांना तो विनोदच वाटतो.

जावानीजच्या आतही तेच. पश्चिमेकडच्या बान्युमास भागात शब्दाच्या शेवटचा ‘आ’ आ-च राहतो, सोलोसारखा ‘ऑ’ होत नाही. काय म्हणायला सोलोत ‘ऑपॉ’, बान्युमासात ‘आपा’. शेवटचा क तिथे घशात गिळत नाहीत, स्पष्ट आपटतात. तीच जुनी रीत, असं अभ्यासक सांगतात, पण सोलोकर तिला ‘ङापाक’ म्हणून हसतात. अलीकडे बान्युमासच्या पोरांनी तोच शब्द टीशर्टवर छापून घेतला, ‘ओरा ङापाक, ओरा कपेनाक’, ङापाक नाही तर मजा नाही. अशी उलटी मिरवणूक सगळ्यांना परवडत नाही. पापुआत ‘मी’ला ‘सा’, ‘तू’ला ‘को’, ‘नाही’ला ‘त्रा’ म्हणणारी मलयची बोली आहे. तिचं स्वतःचं नीट व्याकरण आहे, पण सरकारी शाळेच्या लेखी ती मोडकी इंडोनेशियन. तिथे आदराचा नाही, निखळ तुच्छतेचा प्रश्न आहे, आणि तो जावापेक्षा कितीतरी जास्त जाचतो.

दक्षिण जकार्तातल्या श्रीमंत पोरांची इंग्रजीमिश्रित बोली २०१८ मध्ये देशभर थट्टेचा विषय झाली. ‘विच इज’ आणि ‘लिटरली’ वाक्यावाक्यात. त्यावर इतकं लिहून झालं आहे की मला भर घालावीशी वाटत नाही. कान टवकारावे अशी मिसळ दुसरीकडे आहे, जिथे बोलणारे भाषेशी खेळतात आणि त्यांना कुणी मार्क देत नाही.

मालांग शहरात शब्द उलटा वाचतात. मालांगचं ‘ङालाम’, कारण ‘ङ’ हा एकच ध्वनी, तो फोडायचा नाही. ‘आरेक’ म्हणजे पोरगा, तो झाला ‘केरा’, म्हणून मालांगकर स्वतःला ‘केरा ङालाम’ म्हणवतात. ‘मास’चा ‘साम’. कोणत्या भाषेतला शब्द उलटायचा याला बंधन नाही. ‘आयास’ हा इंडोनेशियन ‘साया’, म्हणजे मी, ‘कादित’ हा इंडोनेशियन ‘तिदाक’, म्हणजे नाही, तर ‘ओयि’ हा जावानीज ‘इयो’, म्हणजे हो. स्वातंत्र्ययुद्धात डचांच्या खबऱ्यांना चकवायला ही बोली निघाली, असं मालांगमध्ये सांगतात.

योग्याकार्ताची उलटी बोली जास्त बुद्धिमान आहे. ती चालते जावानीज लिपीच्या वर्णमालेवर, जी पाच-पाच अक्षरांच्या चार ओळींत म्हणतात : हा ना चा रा का, दा ता सा वा ला, पा डा जा या न्या, मा गा बा टा ङा. पहिली ओळ तिसरीशी बदलायची, दुसरी चौथीशी, स्वर जिथल्या तिथे. ‘मास’ घ्या. ‘मा’ चौथ्या ओळीतलं पहिलं, त्याच्या जागी दुसरीतलं पहिलं ‘दा’. ‘स’ दुसरीतलं तिसरं, त्याच्या जागी चौथीतलं ‘ब’. झाला ‘दाब’. योग्यात मित्राला ‘दाब’ अशी हाक आजही ऐकू येते. ‘मातामु’, म्हणजे ‘तुझा डोळा’, ही रस्त्यावरची शिवी. ती या चाळणीतून गेली की ‘दागादु’ होते, आणि १९९४ मध्ये सुरू झालेल्या तिथल्या प्रसिद्ध टीशर्टच्या ब्रँडचं नाव तेच. पर्यटक छातीवर शिवी मिरवत हिंडतात. लिपी शाळेत रटाळ वाटते म्हणणाऱ्या पोरांना तिच्या ओळी बिनचूक पाठ आहेत त्या यामुळे.

जकार्ताची प्रोकेम ही तिसरी. शब्दाचा पुढचा भाग घ्यायचा, पहिल्या व्यंजनानंतर ‘ओक’ घुसवायचं, शेपूट कापायचं. ‘बापाक’चा ‘बोकाप’, ‘प्रेमान’, म्हणजे गुंड, त्याचा ‘प्रोकेम’. गुंडांची सांकेतिक बोली सत्तर-ऐंशीच्या दशकांत कॉलेजात शिरली आणि ‘बोकाप’ तर आज घराघरांत वडिलांसाठी वापरतात. वडिलांसमोर मात्र नाही.

सरकारी उपाय याच्या नेमके उलटे. मध्य जावात २०१४ च्या आदेशानं सरकारी कचेऱ्यांत गुरुवारी जावानीज बोलायचं ठरलं. बालीत २०१८ च्या आदेशानं गुरुवारी आणि शिवाय पौर्णिमा-अमावास्येला बालीनीज. बांदुंगमध्ये बुधवार सुंदानीजचा. हेतू चांगला आहे. पण निविदा, अंदाजपत्रक, हस्तांतर यांचे शब्द इंडोनेशियनच, म्हणून गुरुवारचं जावानीज स्वागतापुरतं आणि आभारापुरतं उरतं, तीच दोन्ही कडांना क्रोमोवाली तडजोड. शाळेत आठवड्याला दोन तास जावानीज असतं आणि परीक्षेत प्रश्न येतो, ‘पुढील वाक्य क्रोमोत लिहा’. मुलगा घरी ङोको बोलतो, ती भाषा शाळेत आणायची सोय नाही. क्रोमो शाळेत लिहितो, ती बोलायला समोर कुणी नाही. आणि जी ङोको तो मित्रांना फोनवर लिहितो तिचं स्पेलिंग तर त्याला शिकवलेलंच नसतं. इंडोनेशियनच्या सवयीनं तो कानाला ऐकू येईल तसं लिहितो. ‘लारा’ असं लिहून ‘लॉरॉ’ वाचायचं, त्याचा अर्थ आजारी. ‘लोरो’ म्हणजे दोन. तो दोन्ही एकसारखंच लिहितो. दंत्य आणि मूर्धन्य व्यंजनांचा भेदही त्याच्या रोमनमध्ये गळतो. भिणे म्हणजे ‘वदी’ आणि वाळू म्हणजे ‘वडी’, पण फोनवर दोन्ही एकच. देवनागरीला हे विनासायास जमलं असतं, हा आपला उगाच अभिमान.

पश्चिम सुमात्राच्या मिनांगकाबाउ भाषेत आदराची व्यवस्था वेगळ्या तत्त्वावर आहे. तिला ‘कातो नान आम्पेक’ म्हणतात, बोलण्याच्या चार वाटा. मोठ्यांशी चढणीची, धाकट्यांशी उतरणीची, बरोबरीच्यांशी सपाट, आणि चौथी तिरकी, जावई-सासऱ्यांसारख्या नात्यांत वापरायची, जिथे सरळ काही बोलायचं नाही, सगळं आडवळणानं, म्हणींतून. यासाठी वेगळा शब्दकोश लागत नाही. सर्वनाम, संबोधन आणि सूर सांभाळला की झालं. तिथल्या पाडांग शहरातही घराघरांत इंडोनेशियन शिरली आहे, पण ‘मला मिनांग येते, चढणीची येत नाही’ असं कुणी म्हणत नाही. सोलोत मात्र दिवसभर ङोको बोलणारा मुलगा, जावानीज येते का विचारलं तर ‘फारशी नाही’ म्हणतो.

शाळेच्या पुस्तकांत पूर्वीच्या बारीक पायऱ्या गाळून आता चारच ठेवल्या आहेत : साधी ङोको, आदराची ङोको, साधी क्रोमो, आदराची क्रोमो. त्यांतली दुसरी, ‘ङोको आलुस’, मला सगळ्यांत कामाची वाटते आणि तिलाच सर्वांत कमी वेळ मिळतो. वाक्याचा सांगाडा, प्रत्यय, अव्ययं सगळी ङोकोची, बदलायचे फक्त आदरणीय माणसाच्या क्रियांचे शब्द. जाणे, येणे, जेवणे, झोपणे, देणे, विचारणे, पाहणे, बोलणे, घर, हात, डोके, नाव, ‘तुम्ही’ : वीसेक शब्दांत काम भागतं. ‘पांजनङान आरप तिन्दाक मन्याङ ङन्दि?’, तुम्ही कुठे निघालात, यात ‘पांजनङान’ आणि ‘तिन्दाक’ एवढेच दोन शब्द वरचे. आणि स्वतःविषयी बोलताना सगळं ङोकोतच राहतं, त्यामुळे ‘मी डाहार केलं’ या चुकीला जागाच उरत नाही. मावशी, मोठी बहीण, वयानं मोठा सहकारी, ओळखीचा दुकानदार यांच्याशी ती आजही चालते. आजोबांना आणि सासऱ्यांना ती पुरते की नाही, यावर सोलोत दोन मतं आहेत.